रकाना सहावा

येऊरच्या चौकीपुढे, पाटोणापाड्याच्या वळणावर
सकाळी सातला बसते मी.
मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात कागद.
वेळ. कोण. कुणाशी. काय केलं. किती वेळ.
सहावा रकाना : शेरा.

दाबके सर पहिल्याच दिवशी म्हणाले,
शेरा शक्यतो मोकळा ठेवा.
आणि भावना लिहायच्या नाहीत.
‘चिडलं’ नाही. दात दाखवले, तीन सेकंद.
‘घाबरलं’ नाही. मागे सरकलं, दीड मीटर.

दीड वर्षात हात बसला.
आता घरी दूध उतू गेलं तरी मनात उमटतं :
प्रौढ मादी. गॅस बंद केला. उशिरा.

परवा एक तरणा नर
वडावरून बंगल्याच्या पत्र्यावर झेपावला,
चुकला, आणि थेट गटारात.
उठला. अंग झटकायच्या आधी
इकडे बघितलं, तिकडे बघितलं.
मग तिथेच बसून चिखल चिवडू लागला,
जणू गटारातच काम होतं त्याचं.
मी लिहिलं : मान डावीकडे, उजवीकडे. चार सेकंद.
आणि हसू आवरायला पुठ्ठा तोंडापुढे धरला.

आज म-चार आणि म-नऊ.
एकाच आईच्या. दोघींचा भांग मधोमध,
शाळेत निघाल्यासारखा.
कुणा बाइकवाल्याने टाकलेलं वेफर्सचं पाकीट
धाकटीने ओढलं, थोरलीच्या कानाखाली बसली एक,
आणि थोरली उलट मारायचं सोडून
मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली,
पाठ करून.
मध्येच खांद्यावरून मागे बघायची,
धाकटीची नजर आली की झटकन पुढे.

पेरूची पाटी घेऊन बसलेल्या वरठाबाई म्हणाल्या,
‘रुसली गं ती.’
म्हटलं, मावशी, असं लिहिता येत नाही.
‘मंग काय लिवतेस?’
पाठ करून बसली. अकरा मिनिटं.
‘म्हंजे त्येच की,’
म्हणत त्यांनी पेरूवरची माशी हाकलली.

अकरा मिनिटांनी धाकटी आली.
सरळ नाही आली. वाकडी-तिकडी,
भलतीकडे निघाल्यासारखी.
एक पान तोडलं, टाकलं.
हातभर लांब बसली.
मग वीतभर.
मग काहीच न बोलता (बोलणार काय म्हणा)
आपली पाठ थोरलीपुढे केली.
थोरलीने आधी आभाळ बघितलं.
मग बोटं केसांत शिरली,
ओठ हलू लागले, चप् चप् चप्,
आणि उवा असोत नसोत
वेचणं चालूच राहिलं.
ते किती वेळ, हे माझ्याकडून नोंदायचं राहिलं.

माझी बहीण कळव्याला असते.
खाडीवरचा पूल ओलांडला की तिसरी गल्ली.
सहा वर्षं.
आईच्या शिलाई मशीनवरून.
खरं तर मशीनवरूनही नाही;
मशीन शेवटी वहिनीने भंगारात दिली,
आम्हा दोघींनाही न विचारता.

सर म्हणतात, आपलं त्यांच्यावर लादू नका.
पटतं मला.
त्यांचं आपल्यावर लादलं तर चालतं का,
हे विचारलं नाही अजून.

एवढ्यात म-चार उतरली
आणि माझ्यापुढे येऊन बसली.
बघत राहिली. पिवळट डोळे, पापणी पांढुरकी.
तिच्याजवळ कागद असता तर?
प्रौढ मादी. एकटी. पेरू फोडला.
अर्धा खाल्ला. अर्धा हातातच.
कुणासाठी, हे दिसत नाही.

मग तिने तो अर्धा
माझ्या बोटांतून अलगद काढून घेतला.
हिसकावला नाही. काढून घेतला.
वरठाबाई खदखदून हसल्या,
‘पैशे दोन पेरवांचे दे हां!’

सहाव्या रकान्यात मी लिहिलं :
वरठाबाईंच्या मते, रुसवा.
सर खोडतील. खोडू देत.

साडेनऊची बस आली.
खिडकीशी बसून पुठ्ठा उलटा ठेवला मांडीवर.
स्टेशनबाहेरून कळव्याच्या शेअर रिक्षा सुटतात.
कुठून सुटतात ते मला माहीत आहे.